धडकाईवर माहितीपट करायचा तर: एका ऑडिओलॉजिस्टचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात जनसंज्ञापन शिकणाऱ्या काही विद्यार्थ्यांना जम्मू-काश्मीरच्या डोडा जिल्ह्यातल्या धडकाई गावावर वीस मिनिटांचा माहितीपट करायचा आहे. या गावात पिढ्यान्‌पिढ्या काही मुलं बहिरी जन्माला येतात. त्यांनी चार गोष्टी विचारल्या आहेत. कारण काय सांगायचं? नात्यातली लग्नं थांबली तर हे थांबेल का? फिल्ममध्ये आवाजाचं काय करायचं? आणि जाताना वर्गणी काढून कानाची मशीनं न्यावीत का?

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकणं तपासणारी तज्ज्ञ. धडकाईत मी काम केलेलं नाही, पण नात्यातल्या लग्नांतून आलेला बहिरेपणा माझ्या खोलीत नेहमीचाच आहे. आमच्या केस पेपरवर ‘आईवडिलांचं लग्न नात्यातलं आहे का?’ हा रकाना असतो. मामाची मुलगी करायची पद्धत महाराष्ट्रात अनेक समाजांत आहे, त्यामुळे तो रकाना इथेही रिकामा राहत नाही. त्या अनुभवावरून आणि धडकाईवर झालेल्या संशोधनावरून उत्तर देते.

तुमच्या आराखड्याचं पहिलंच वाक्य आहे: ‘एक गाव, एक आजार, एक चूक.’ ऐकायला छान आहे, पण तिन्ही तुकडे डळमळीत आहेत, आणि फिल्म या वाक्यावर उभी राहिली तर पुढचं सगळं चुकत जाईल. म्हणून आधी कारणाकडे येते आणि तिथे जरा रेंगाळते.

धडकाई भलेसा भागात आहे. डोड्याहून ठाठरीमार्गे गंदोहच्या बाजूला जायचं, डोंगरातली गुज्जर वस्ती. शंभराच्या आसपास कुटुंबं आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक घरांत किमान एक माणूस न ऐकणारा, असं बातम्यांतून येत राहिलं आहे. पहिल्या बहिऱ्या मुलाची नोंद १९०१ च्या सुमाराची सांगतात. अशा गावाबद्दल बोलताना शाप, पाणी, हवा, सगळं निघतं. मग कुणीतरी शहाणा माणूस ‘आपसांत लग्नं करतात म्हणून’ असं म्हणतो आणि विषय संपतो. तो तिथे संपू देऊ नका.

२०१७ साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये धडकाईचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. बंगळुरूचं जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र त्यात होतं, आणि कर्णबधिरांसाठी काम करणाऱ्या आपल्या वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेची माणसंही होती. त्यांनी ४५ जणांचं एक मोठं कुटुंब घेतलं: २३ जण बहिरे, २२ ऐकणारे. त्यातून दोष दुसऱ्या गुणसूत्रावरच्या ओटीओएफ नावाच्या जनुकात सापडला. इथवर गोष्ट तुमच्या वाक्याप्रमाणेच चालली होती. पण त्याच कुटुंबाची एक शाखा काही केल्या बसेना. तिथली माणसंही बहिरी, पण त्यांचा बहिरेपणा गुणसूत्राच्या त्या भागाशी जुळेना. शोधल्यावर कळलं की त्या शाखेत वेगळ्याच जनुकात, सीएलडीएन१४ मध्ये, बिघाड आहे. पुढे गावातली आणखी सात छोटी कुटुंबं तपासली. तीन कुटुंबांत ओटीओएफ, एकात सीएलडीएन१४, दोन कुटुंबांत एसएलसी२६ए४ हे तिसरंच जनुक, आणि एका कुटुंबात कारण सापडलंच नाही.

म्हणजे शेजारशेजारच्या दोन घरांतली दोन बहिरी मुलं वेगवेगळ्या कारणांनी बहिरी असू शकतात. बाहेरून दोघं सारखीच दिसतील, कॅमेऱ्यातही सारखीच दिसतील. उपचार, सल्ला, पुढच्या मुलाची शक्यता मात्र दोन्ही घरांत निराळी. माझ्या मते तुमच्या फिल्मचा कणा हाच असायला हवा, कारण तो कळल्याशिवाय बाकी तीन प्रश्नांची उत्तरंच देता येत नाहीत.

आणखी एक बारकावा. सीएलडीएन१४ मधला जो बदल धडकाईत मिळाला, तोच २००१ साली पाकिस्तानातल्या कुटुंबांत सापडलेला होता. म्हणजे तो याच गावात उपजला असं म्हणायला आधार नाही. ‘गावाचा शाप’ या कल्पनेला कात्री लावायची असेल तर भाषणापेक्षा हे एक वाक्य पुरे.

आता या तीन जनुकांतलं सगळ्यात महत्त्वाचं, ओटीओएफ. या जनुकातून ओटोफर्लिन नावाचं प्रथिन बनतं. कानात आवाज शिरतो, पडदा हलतो, आतल्या कानातल्या शंखासारख्या भागातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी हलतात, तिथवर सगळं ठीक असतं. पुढे आतल्या ओळीतल्या केसपेशीने मज्जातंतूकडे रसायन सोडायचं असतं, ते ओटोफर्लिनशिवाय सुटत नाही. तुमच्या भाषेत सांगायचं तर माईक सुरू आहे, मीटरवर काटाही हलतोय, पण केबल रेकॉर्डरला लावलेलीच नाही.

याचा परिणाम तुम्हाला चित्रित करता येईल असा आहे. नवजात बाळाची ऐकण्याची पहिली चाचणी बहुतेक ठिकाणी ओएई या छोट्या यंत्राने होते. कानात यंत्राचं मऊ टोक घालायचं, यंत्र बारीक आवाज करतं आणि बाहेरच्या ओळीतल्या केसपेशींचा प्रतिसाद मोजतं. ओटीओएफच्या बाळात या पेशी धडधाकट असतात, म्हणून यंत्र ‘पास’ दाखवतं. आई बाळ घेऊन घरी जाते. बाळाला काहीही ऐकू येत नसतं. हे पकडायचं तर बेरा करावी लागते: डोक्याला इलेक्ट्रोड लावून मज्जातंतू आणि मेंदूपर्यंत संदेश पोचतो का ते पाहायचं. त्यासाठी बाळ झोपलेलं लागतं, यंत्र महाग, वेळ जास्त. डोंगरातल्या आरोग्य केंद्रात तपासणी पोचली तरी ती आधी ओएईच्या रूपात पोचते, आणि नेमक्या याच बाळांना ती सोडून देते. (वय वाढलं की यातल्या काहींमध्ये ओएईचा प्रतिसादही मावळतो, म्हणून मोठ्या मुलांवरून अंदाज बांधू नका.) ‘पास’ हा शब्द पडद्यावर दाखवून पुढच्या शॉटमध्ये बेराच्या सपाट रेषा दाखवल्यात, तर दहा तज्ज्ञांच्या मुलाखतींचं काम होईल. अर्थात एखाद्या संस्थेत, पालकांच्या परवानगीने आणि मुलाचा चेहरा न दाखवता. गावातल्या बाळावर हा प्रयोग कॅमेऱ्यासाठी करायचा नाही.

एसएलसी२६ए४ ची गोष्ट वेगळी. यात आतल्या कानातली एक नलिका रुंद असते आणि बहिरेपणा कधी कधी टप्प्याटप्प्याने येतो. मूल थोडं ऐकत असतं, डोक्यावर आपटतं, आणि त्यानंतर ऐकणं एकदम खाली जातं. एखादी आई तुम्हाला सांगेल, ‘हा आधी ऐकायचा, पडला तेव्हापासून गेलं.’ ही अंधश्रद्धा समजून संकलनात उडवू नका. ती कदाचित तिच्या घरातल्या जनुकाचं अचूक वर्णन करत असेल. काहींना गलगंडही होतो, कारण हेच जनुक थायरॉइडमध्येही काम करतं. सीएलडीएन१४ बद्दल पडद्यावर सांगण्यासारखं फारसं नाही. तो जन्मापासूनचा बहिरेपणा आहे.

आणि हो, अशा गावातल्या प्रत्येक कमी ऐकणाऱ्या माणसाला जनुकाच्या खात्यात टाकू नका. कान फुटणं, म्हातारपण, लहानपणचा मेंदूज्वर, हे जगात सगळीकडे असतं, तिथेही असणार.

लग्नांकडे येऊ. तिन्ही दोष अप्रभावी प्रकारचे आहेत, म्हणजे जनुकाच्या आईकडून आणि बापाकडून आलेल्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तरच बहिरेपणा येतो. बिघडलेली एक प्रत अंगात असली तर माणूस उत्तम ऐकतो, त्याला स्वतःलाही पत्ता नसतो. एकाच जनुकाचे असे दोन वाहक नवराबायको झाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळ बहिरं असण्याची शक्यता २५ टक्के. प्रत्येक, हा शब्द महत्त्वाचा. ‘पहिलं झालं, आता पुढची तीन नीट होतील’ असं मी अनेक घरांत ऐकलं आहे आणि ते चूक आहे.

लहान, एका जमातीच्या, डोंगरात अडकलेल्या वस्तीत सगळ्यांचे पूर्वज मोजकेच असतात. तिथे ‘आमचं नात्यातलं नाही’ असं खरेपणाने सांगणारं जोडपंही चार-पाच पिढ्यांमागे एकाच घरातून निघालेलं असतं. म्हणून सख्खी चुलत-मावस लग्नं थांबवली तर शक्यता कमी होईल, पण थांबणार नाही. आणि जी मुलं आज आहेत, त्यांना त्या उपदेशाचा उपयोग शून्य.

बहिऱ्यांनी बहिऱ्यांशी लग्न करू नये, हा दुसरा उपदेश. घानामध्ये अडामोरोबे नावाचं असंच एक गाव आहे. तिथे १९७५ साली गावच्या प्रमुखाने बहिऱ्या माणसांची आपसांतली लग्नं बंद केली. बहिरी मुलं मोठ्या संख्येने ऐकणाऱ्या वाहक आईबापांच्या पोटी येतात, त्यांना नियम लागूच होत नव्हता. भुर्दंड पडला तो ज्यांची एकमेकांशी बोलण्याची भाषा एक होती त्यांना.

धडकाईत तर हिशेब आणखी गमतीदार होतो. नवरा ओटीओएफमुळे बहिरा, बायको सीएलडीएन१४ मुळे बहिरी, आणि दोघांपैकी कुणी दुसऱ्याच्या दोषाचा वाहक नसेल, तर त्यांची सगळी मुलं ऐकणारी होतील. दोघंही ओटीओएफची असतील तर सगळी बहिरी. उलट एकाच दोषाच्या दोन ठणठणीत ऐकणाऱ्या वाहकांच्या लग्नात चारात एक अशी टांगती तलवार. मग सरसकट उपदेश कुणाला करणार? इथे घरागणिक समुपदेशन लागतं, आणि त्यासाठी आधी चाचणी लागते.

गावात कोणते बदल आहेत हे माहीत असल्यामुळे वाहक चाचणी तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. अवघड आहे ते निकालाचं काय होतं. ‘हिच्या रक्तात दोष आहे’ ही बातमी मुलीच्या बाबतीत जितक्या वेगाने पसरते तितक्या वेगाने मुलाच्या बाबतीत पसरत नाही. हे कळायला डोड्यापर्यंत जावं लागत नाही. त्यामुळे फिल्ममध्ये कुणाच्या घराचं जनुक कोणतं, हे नावचेहऱ्यासकट जाऊ देऊ नका. कुटुंबाने होकार दिला तरी. आज होकार देणाऱ्या बापाच्या धाकट्या मुलीचं लग्न दहा वर्षांनी असतं आणि फिल्म तेव्हाही फोनवर सापडते.

आता आवाज. तुमचा बेत आहे की मध्येच साउंडट्रॅक पूर्ण बंद करायचा, म्हणजे प्रेक्षकाला ‘त्यांचं जग’ कळेल. माझं मत विचारलंत तर करू नका. जन्मापासून न ऐकणाऱ्या माणसाला शांतता जाणवत नाही. ती तुम्हाला जाणवते, कारण तुमचा आवाज गेला आहे. शिवाय बहिरी माणसं आवाज करतात. हाक मारतात, हसतात, भांडताना घशातून आवाज काढतात. तो आवाज संकलनात ‘स्वच्छ’ करून टाकू नका.

बहिऱ्या माणसाची मुलाखत घेताना फ्रेम कमरेपासून डोक्याच्या थोडं वरपर्यंत ठेवा, दोन्ही कोपर आत हवेत. हात चौकटीबाहेर गेला की वाक्याचा तुकडा गेला. भावनिक क्षणी डोळ्यांचा क्लोजअप घ्यायची सवय इथे आवरा, आणि माणूस खुणा करत असताना म्हशीचा किंवा डोंगराचा शॉट टाकू नका. बोलणाऱ्यावर असा शॉट टाकला तर आवाज मागे चालू राहतो, इथे मागे काहीच उरत नाही. पाठीमागे खिडकी नको, हातांवर उजेड हवा. सबटायटल फक्त बहिऱ्यांच्या मुलाखतीला देऊ नका. ऐकणाऱ्यांच्या गोजरीला (ही गुज्जरांची भाषा) आणि हिंदीलाही द्या, नाहीतर ज्यांच्यावर फिल्म केलीत त्यांच्यासारख्यांनाच ती पाहता येणार नाही.

खुणांच्या भाषेबद्दल तुमचा समज असा दिसतो की दिल्लीहून भारतीय सांकेतिक भाषेचा दुभाषा नेला की भागेल. नाही भागणार. तिथली मोठी माणसं घरात, गावात घडलेल्या खुणा वापरत असणार, आणि त्या दिल्लीच्या दुभाष्याला कळतीलच असं नाही. तुम्हाला साखळी लागेल: गावातलाच खुणा जाणणारा ऐकणारा माणूस, त्याची गोजरी, तिथून हिंदी. या साखळीत प्रत्येक कडीला काहीतरी गळतं. शक्य झालं तर दुभाषा म्हणून भाऊ किंवा बाप बसवू नका, विशेषतः बाईची मुलाखत असेल तेव्हा. घरचा माणूस भाषांतर कमी करतो आणि उत्तर जास्त देतो.

मला स्वतःला या गावाबद्दल सगळ्यात जास्त उत्सुकता आहे ती याची: खुणा कुणाकुणाला येतात? फक्त आईला आणि भावंडांना, की दुकानदाराला, मशिदीतल्या लोकांना, शाळेतल्या ऐकणाऱ्या मुलांनाही? बालीमधल्या बेंगकाला गावात पिढ्यान्‌पिढ्या बहिरी माणसं आहेत आणि तिथे काता कोलोक नावाची गावची खुणांची भाषा आहे. ऐकणारेही पुष्कळ जण ती बोलतात. अमेरिकेच्या मार्थाज विनयार्ड बेटावर, चिलमार्क गावात एकोणिसाव्या शतकात साधारण पंचविसात एक माणूस बहिरा होता, आणि तिथे जवळजवळ सगळ्यांनाच खुणा येत. बाहेरच्यांशी लग्नं होऊ लागली, बहिरी मुलं जन्मायची थांबली, आणि तिथला शेवटचा जन्मजात बहिरा माणूस १९५२ मध्ये गेला. त्याबरोबर बेटाची ती भाषाही गेली. धडकाईत मुलं शिकायला बाहेरच्या कर्णबधिर शाळेत जातात तेव्हा त्यांना भारतीय सांकेतिक भाषा मिळते, वाचन मिळतं, नोकरीची वाट दिसते. सुट्टीत घरी आल्यावर आजीशी ती कोणत्या खुणांनी बोलतात? हा प्रसंग मिळाला तर माझ्या मुलाखतीची गरज नाही.

सेनेच्या राष्ट्रीय रायफल्सने गाव दत्तक घेतलं, श्रवणयंत्रं दिली, खुणांची भाषा शिकवण्याची सोय केली, हे तुम्ही वाचलं असेलच. ते फिल्ममध्ये यावं, पण हार घालतानाचा फोटो म्हणून नको. यंत्रं मिळाल्यावर पुढे काय झालं, एवढंच विचारा.

तुमच्या आराखड्याचा शेवट जीन थेरपीवर, म्हणजे जनुकाची नीट प्रत पेशीत पोचवणाऱ्या उपचारावर आहे. बातमी खरी आहे. ओटीओएफच्या मुलांवर शांघायमध्ये झालेल्या चाचणीचे निकाल जानेवारी २०२४ मध्ये ‘द लॅन्सेट’ने छापले: सहापैकी पाच मुलांना ऐकू येऊ लागलं. हे जनुक इतकं लांब आहे की ते पेशीत नेणाऱ्या विषाणूच्या एका कणात मावत नाही, म्हणून त्याचे दोन तुकडे करून दोन कणांतून पाठवतात आणि ते पेशीत जाऊन जुळतात. विलक्षण काम आहे. पण सीएलडीएन१४ आणि एसएलसी२६ए४ च्या घरांना या उपचाराचा काही उपयोग नाही. शिवाय मेंदू बोलली जाणारी भाषा पहिल्या काही वर्षांत शिकतो. तिशीतल्या माणसाला आवाज मिळाला तरी त्यातून शब्द मिळत नाहीत. आज हातात असलेला उपाय कॉक्लिअर इम्प्लांट आहे, म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायचं यंत्र. ओटीओएफच्या मुलांत तो चांगला चालतो, कारण बिघाडाची जागा ओलांडून तो थेट मज्जातंतूला उत्तेजना देतो. दिव्यांगांना उपकरणं देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेत लहान मुलांना तो मोफत मिळतो आणि त्याचं काम वांद्र्याच्या त्याच संस्थेकडून चालतं. मात्र शस्त्रक्रिया हा एक दिवस आणि नंतर बोलणं शिकवायला वर्षं लागतात: दर आठवड्याला थेरपी, मशीन बिघडलं की दुरुस्ती, वायर, बॅटरी. भलेशाहून ते कसं करायचं, हा प्रश्न फिल्मने विचारला तर मला आवडेल. तो सुटलेला दाखवू नका. आणि एखाद्या कुटुंबाला इम्प्लांट नको असेल, आमचं खुणांनी चाललंय असं ते म्हणत असतील, तर तेही अज्ञान म्हणून मांडू नका.

राहिली मशीनं. नेऊ नका. श्रवणयंत्र चष्म्यासारखं दुकानातून उचलून देता येत नाही. प्रत्येकाचा ऑडिओग्राम, म्हणजे किती ऐकू येतं त्याचा आलेख, काढून ते जुळवावं लागतं, कानाचा साचा घेऊन मोल्ड करावा लागतो, मुलाचा कान वाढला की मोल्ड पुन्हा. ओटीओएफमध्ये तर आवाज मोठा करून बहुतेकांना उपयोगच होत नाही; बिघाड पुढे आहे. एसएलसी२६ए४ च्या ज्या मुलांत थोडं ऐकणं शिल्लक आहे, त्यांना यंत्र खरंच कामाचं ठरू शकतं. पण तुम्हाला कोण कुठल्या गटातलं हे कळणार कसं? वाटपाची यंत्रं महिनाभरात सेल संपून ट्रंकेत जातात, हे मी आपल्याच जिल्ह्यांतल्या शिबिरांनंतर पाहिलेलं आहे.

वर्गणी जमलीच असेल तर ज्या घरात दोन वर्षांच्या आतलं बाळ आहे आणि आईला शंका आहे, अशा आईबाळाला बेरासाठी जम्मूपर्यंत नेऊन आणण्याचा, राहण्याचा खर्च करा. गंदोहच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांशी आधी फोनवर बोला, कोणतं घर ते त्यांनी ठरवू द्या, आणि तो प्रवास चित्रित करू नका. जाण्याची तारीख ठरवताना एवढं बघा की हिवाळ्यात वाट बर्फाने अडते आणि उन्हाळ्यात काही कुटुंबं गुरं घेऊन वरच्या कुरणांवर गेलेली असतात. मक्याच्या काढणीच्या सुमारास माणसं गावात भेटण्याची शक्यता जास्त. पहिला कच्चा कट झाला की पेनड्राइव्हवर घेऊन पुन्हा जा, आणि बहिऱ्या माणसांना तो आधी दाखवा. खुणांचं भाषांतर कुठे चुकलंय ते तेच सांगू शकतील. जनुकांचा भाग मला पाठवा, तो मी तपासून देईन.